शिकाऊ उमेदवाराची वजाबाकी

अब्बांना माझं काम समजावून सांगायला मला पाच-सहा महिने लागले. त्यांचं कोंढव्यात किराणा दुकान आहे. त्यांच्या लेखी काम म्हणजे काहीतरी विकणं. त्यामुळे त्यांचा प्रश्न सरळ होता.

"तू बेचता क्या है रे?"

"जाहिरात," मी म्हणालो.

"दिखती कहां?"

"फोनमध्ये."

त्यांनी गल्ल्यावर ठेवलेला फोन उचलला, चष्मा कपाळावरून खाली घेतला, अंगठ्याने दोन-तीनदा स्क्रीन सरकवली आणि म्हणाले, "मेरे फोन में तो तेरी एक भी नहीं आई."

मला हसू आलं. म्हटलं, "अब्बा, ती तुमच्यासाठी नसतेच. ज्याला दाखवायची त्यालाच दिसते. तीच तर यातली कला आहे."

हे मी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. पुढे काही महिन्यांनी हेच वाक्य मला परत ऐकू आलं, तेव्हा मात्र हसू आलं नाही. ती गोष्ट सांगण्यासाठीच हा लेख लिहायला बसलो आहे. पण त्याआधी वर्षभरात काय काय शिकलो तेही सांगतो. कारण जे खुपलं, ते या शिकण्याच्या पोटातूनच आलं.

बी.कॉम. झाल्यावर २०२४च्या जानेवारीत मी पुण्यातल्या एका छोट्या जाहिरात संस्थेत शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो. 'शिकाऊ उमेदवार' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर आयटीआयचा मुलगा, निळा डगला आणि लेथ मशीन येतं. कायदाही १९६१चा आहे. पण २०१६ साली राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आली, त्यानंतर कार्यालयी कामांतही असे उमेदवार घेणं वाढलं. २०१९च्या नियमाप्रमाणे तेव्हा पदवीधराला महिन्याला किमान ९,००० रुपये विद्यावेतन होतं. त्यातला पाव हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार द्यायचं. मला बरोबर ९,००० मिळायचे. कोंढव्यातून स्वारगेट, स्वारगेटला बस बदलून पुढे, आणि दुपारी अम्मीचा डबा, असा हिशेब बसत होता.

मला शिकवणारी एक सीनियर होती. वयाने माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी. सगळे तिला ताई म्हणायचे, मीही म्हणू लागलो. पहिल्या आठवड्यात तिने मला एका मंगल कार्यालयाचं गुगल जाहिरातीचं खातं उघडून दिलं. म्हणाली, "लोक काय शोधत असताना आपली जाहिरात दिसली, त्याची यादी काढ. आणि वाच. फक्त वाच."

यादी वाचताना मी खुर्चीत हसत सुटलो. मंगल कार्यालयाच्या मालकाचे पैसे कुणाकुणावर उडत होते! कुणी मंगळ दोषावरचा उपाय शोधत होतं. कुणाला तहसील कार्यालयाचा पत्ता हवा होता. कुणी कार्यालयात वाढप्याची नोकरी आहे का ते बघत होतं. आम्ही शब्द दिले होते 'मंगल' आणि 'कार्यालय', आणि जुळणीचा प्रकार ठेवला होता सर्वांत सैल, ब्रॉड मॅच. त्यामुळे यंत्राने आपल्या समजुतीने जवळचं वाटेल ते सगळं ओढून आणलं. यातला प्रत्येक जण जाहिरातीवर बोट ठेवतो, तेव्हा मालकाच्या खिशातून पैसे जातात.

यावरचा उपाय म्हणजे निगेटिव्ह कीवर्ड. 'दोष', 'तहसील', 'नोकरी' हे शब्द ज्या शोधात असतील, तिथे आपली जाहिरात दाखवायची नाही, असं यंत्राला सांगायचं. मी दिवसभर बसून दीडेकशे शब्द वगळले. पुढच्या आठवड्यात त्याच पैशांत लग्नाच्या तारखा विचारणारे फोन वाढले. ताई म्हणाली, "बेरीज कुणालाही येते रे. आपल्याला पगार मिळतो तो वजाबाकीचा."

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. ते खरंही आहे. नवशिक्या माणसाला वाटतं, जास्तीत जास्त लोकांना दाखवली की झाली जाहिरात. जुना माणूस आधी विचारतो, कुणाला नको?

दुसरा धडा भाषेचा होता. आमच्याकडे मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत तयार होऊन यायचा आणि 'मराठी करून टाक' म्हणून माझ्याकडे सरकायचा. मी बी.कॉम.चा असलो तरी मराठी माध्यमातला, त्यामुळे ते काम माझ्या गळ्यात पडलं. एका ग्राहकाला संदेश पाठवायचे होते, साधे एसएमएस. मी छान दोन ओळी लिहिल्या. बिल आलं ते अपेक्षेच्या दुप्पट. कारण रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०. आणि काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याचं चिन्ह, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'प्रशिक्षण' हा आपल्याला चार अक्षरांचा शब्द वाटतो. यंत्र तो नऊ मोजतं. तेव्हापासून मी 'प्रशिक्षण' काढून 'शिका' लिहू लागलो. मजा अशी की मजकूर सुधारला. दुकानात येणारी बाई 'प्रशिक्षण घ्यायचंय' म्हणत नाही, 'शिवण शिकायचंय' म्हणते. सत्तर अक्षरांनी मला जे मराठी शिकवलं, ते शाळेतल्या निबंधांनी शिकवलं नव्हतं.

तिसरा धडा आकड्यांचा. महिनाअखेरीला ग्राहकाला अहवाल द्यायचा असतो. जाहिरात किती वेळा दिसली हा आकडा नेहमीच मोठा असतो, लाखांत जातो. कितींनी बोट लावलं तो लहान. कितींनी खरोखर काही विकत घेतलं, तो कधीकधी इतका लहान की लिहायला लाज वाटते. मग काय करायचं, तर मोठा आकडा मोठ्या टाइपात वर टाकायचा. मीही तसं करायला शिकलो. एकदा घरी हा अहवाल बनवत होतो. अब्बा शेजारी बसून दुकानाची वही लिहीत होते. त्यांनी विचारलं, "ये गिनता कौन?"

म्हटलं, "ज्या कंपनीवर जाहिरात दिसते, तीच मोजते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मतलब बेचनेवाला भी वही, तोलनेवाला भी वही?"

मी याचा विचारच केला नव्हता. अब्बांच्या काट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का असतो. ठरलेल्या मुदतीत तपासून घ्यावा लागतो, नाहीतर दंड. आमच्या धंद्यात तराजूवर शिक्का मारणारा सहसा तिसरा कुणी नसतो. २०१६ साली फेसबुकने स्वतःच कबूल केलं होतं की लोक व्हिडिओ सरासरी किती वेळ बघतात, हा आकडा दोन वर्षं फुगलेला दिसत होता. हिशेब असा केला होता, की तीन सेकंदांच्या आत निघून गेलेल्यांना भागाकारात धरलंच नव्हतं. जे थांबले त्यांचीच सरासरी काढली. जाणाऱ्यांना वगळलं की राहिलेल्यांचं चित्र सुंदरच दिसणार. कुरआनमध्ये माप मारणाऱ्यांच्या नावाने एक सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. लहानपणी अब्बा दुकान उघडताना तिची आठवण काढायचे. मला वाटायचं ती फक्त किराणावाल्यांसाठी असावी.

त्यानंतर मी अहवालात खरेदीचा आकडा सर्वांत वर लिहू लागलो. ताईने हरकत घेतली नाही. दोन ग्राहक नाराज झाले, एक खूश झाला.

आता थोडं माझ्या नावाविषयी. ऑफिसात मी एकटाच मुसलमान. वाईट वागणूक कुणी दिली नाही, हे आधी सांगतो. उलट काही बाबतींत माझा सल्ला घेतला जायचा, म्हणजे सणांच्या पोस्टसाठी. वर्षाच्या सुरुवातीला सणांची एक तक्ताबंद यादी करतात आणि शुभेच्छा आधीच रचून ठेवतात. त्या यादीत 'मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा' असं लिहिलेलं होतं. मी सांगितलं, मोहरम करबलाच्या शहादतीची आठवण आहे, कुणाच्या तेराव्याला शुभेच्छा देतात का? ताईने कपाळाला हात लावला. "गेली तीन वर्षं देतोय रे आपण!"

ईदच्या पोस्टवर उंट, वाळवंट आणि खजुराचं झाड होतं. मी म्हटलं, आमच्याकडे उंट नाहीत. शीरखुर्म्याची वाटी टाका. वाटी आली. पण पोस्टची वेळ आधीच लावून ठेवली होती, १० एप्रिलची सकाळ. चंद्र दिसला नाही. २०२४ला आपल्याकडे तीस रोजे झाले आणि ईद ११ला आली. १० तारखेला सकाळी सात वाजता तीन ग्राहकांच्या पानांवर शीरखुर्म्याची वाटी झळकली आणि खाली लोकांनी लिहिलं, 'साहब, आज रोजा है.' मी रोजाच्या पोटी धावत जाऊन पोस्ट उतरवल्या. चंद्राचं वेळापत्रक यंत्रात बसत नाही, हा धडा सगळ्यांनीच हसत हसत घेतला.

दुसरी गोष्ट मी तेव्हा हसण्यावारी नेली. कुठल्याही वस्तूची जाहिरात करण्याआधी एक काल्पनिक ग्राहक रचतात. त्याला पर्सोना म्हणतात. नाव, वय, पगार, कुठे राहतो, रात्री झोपण्याआधी काय बघतो. आमचा ग्राहक कायम राहुल असायचा, नाहीतर नेहा. राहुल, ३२, हिंजवडीत आयटीत. मला पहिल्यांदा पर्सोना करायला सांगितला, तो मोटारसायकलच्या एका गॅरेजसाठी. मी लिहिलं, इम्रान, २९, चाकणला सुपरवायझर, रोज साठ किलोमीटर गाडी चालवतो. ताई म्हणाली, छान आहे, खरा वाटतो. ग्राहकासमोर सादरीकरण झालं, तेव्हा पडद्यावर अमित, २९, चाकणला सुपरवायझर होता. कुणी बदललं ते मी विचारलं नाही. इम्रान मी कुठून आणला होता हेही कुणाला माहीत नव्हतं. तो माझा मोठा भाऊ होता, फक्त नाव दुसरं.

भाई चाकणच्या एका कारखान्यात आहे. लग्नाला चार वर्षं झालीत, एक मुलगी आहे, आणि आम्ही सगळे अब्बांच्या दोन खोल्यांत. तो पहाटे साडेपाचला घर सोडतो. दोन वर्षांपासून मोशी-चाकणच्या बाजूला घर बघत होता, कर्ज मंजूर होण्याइतका पगार आहे. फोन केला की फ्लॅट असतो, नाव सांगितलं की गेलेला असतो. हा अनुभव नवा नाही, वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी घेतला असेल. भाई त्यावर चिडायचाही बंद झाला होता.

गणपतीच्या आधी आमच्याकडे मोशीच्या बाजूच्या एका गृहप्रकल्पाचं काम आलं. दसरा-दिवाळी हा घरांच्या बुकिंगचा हंगाम. फेसबुक-इन्स्टाग्रामची मोहीम मी उभी करायची होती, एकट्याने, पहिल्यांदाच. मी खूश होतो. वय, आवडी, उत्पन्नाचे अंदाज, सगळं नीट भरलं. मग आमचे सर आले. त्यांनी नकाशा उघडायला सांगितला. पूर्ण पुणे आणि पिंपरी-चिंचवड घेतलेलं होतं. ते म्हणाले, "कोंढवा वगळ. आणि हे दोन भाग. क्लायंटला तिथली लीड नकोत."

मी काही बोलण्याआधी तेच म्हणाले, "अरे, इतक्या लांबून मोशीला कोण राहायला जातं? पैसे वाया."

नकाशावर एक पिन टाकायची, तिच्याभोवती किलोमीटरचं वर्तुळ ओढायचं आणि 'वगळा' निवडायचं. दहा सेकंदांचं काम. पिन टाकताना मला आमची गल्ली दिसत होती, मशिदीचं नाव दिसत होतं, दुकानासमोरचा चौक दिसत होता. कात्रज मोशीपासून तेवढंच लांब आहे. बिबवेवाडीही तेवढीच. ती वगळायला कुणी सांगितलं नव्हतं. वगळलेल्या तीन भागांत काय समान आहे, ते मला कळत होतं, आणि अंतर हे ते नव्हतं.

मी वर्तुळ ओढलं.

हे मला लिहायला जड जातंय, पण इथे 'ओढलं गेलं' असं लिहिणार नाही. हात माझा होता. शिकाऊ होतो, पहिली मोठी मोहीम होती, सरांनी सबब दिली होती आणि मी ती घेतली. वजाबाकी ही तर कला, वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली. शिवाय मनात एक विचार आला, तो सर्वांत वाईट होता: नाहीतरी आपल्याला तिथे घर देणार नाहीत, मग जाहिरात दाखवून काय उपयोग?

मोहीम चांगली चालली. रोज सकाळी मी आलेल्या चौकशांची यादी क्लायंटला पाठवायचो. तीत नाव, नंबर, वेळ, कुठून आली, आणि शेवटी शेरा. शेरा त्यांच्या विक्रीच्या लोकांनी भरायचा. त्यांची लघुरूपं मला पाठ झाली होती. आरएनआर म्हणजे रिंग जाते, उचलत नाही. कॉल बॅक. साइट व्हिजिट. आणि एनआय, नॉट इंटरेस्टेड, म्हणजे गिऱ्हाइकाला रस नाही.

ऑक्टोबरात एका सकाळी यादी उघडली आणि त्यात भाईचं नाव होतं. पूर्ण नाव, नंबर. कुठून आली या रकान्यात 'होर्डिंग क्यूआर'. नाशिक रस्त्यावर त्या प्रकल्पाचं मोठं होर्डिंग होतं, भाई रोज त्यावरून जायचा. होर्डिंगभोवती वर्तुळ ओढता येत नाही. त्याने गाडी थांबवून कोड स्कॅन केला असणार आणि अर्ज भरला असणार. चार दिवसांनी पुन्हा त्याचंच नाव. दोन्ही ओळींपुढे शेरा एकच, एनआय.

संध्याकाळी जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाई, मोशीचं काही बघितलंस का?"

"एक बघितलं," तो म्हणाला. "दोनदा फॉर्म भरला. फोनच आला नाही. नेटवर्कचा घोळ झाला असेल."

भाभी मुलीला भरवत होती. मी मान खाली घालून जेवलो. ज्या माणसाने दोनदा अर्ज भरला, त्याच्यापुढे लिहिलं होतं की याला रस नाही. एकही फोन न करता. माझ्या लक्षात आलं की मी दहा महिने ज्या आकड्यांचे तक्ते करत होतो, त्यांत किती ठिकाणी हे अक्षर असंच पडलं असेल. यंत्र त्या शेऱ्यांवरूनच शिकतं. आपण ज्यांना 'चांगली लीड' म्हणतो तशांनाच ते पुढे शोधत जातं. एकदा वगळलेला माणूस मग कुणी न सांगताच वगळला जातो, आणि अहवालात लिहिलेलं असतं, त्या भागातून प्रतिसाद नाही.

दुसऱ्या दिवशी मी ताईला सगळं सांगितलं. वर्तुळ, यादी, भाई. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सेटिंग मी पण तपासलं होतं. मला त्यात अंतरच दिसलं. दुसरं काही डोक्यातच आलं नाही." नंतर म्हणाली, "तू तेव्हाच का नाही बोललास?"

"काय बोलणार होतो, ताई?"

यावर तिच्याकडेही उत्तर नव्हतं. मी तिला या गोष्टीमुळे मोठी मानतो की तिने 'तसं काही नसेल रे' म्हटलं नाही.

त्या आठवड्यात मी रात्री बसून या विषयावर मिळेल ते वाचलं. अमेरिकेत हा प्रकार आधीच उघड झाला होता. २०१६च्या ऑक्टोबरात प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने दाखवून दिलं, की फेसबुकवर घराच्या जाहिरातीतून वंशाच्या आधारे लोकांना वगळता येतं. तिथे १९६८पासून घरांबाबत भेदभावाला मनाई करणारा कायदा आहे. खटले झाले. मार्च २०१९मध्ये फेसबुकने तडजोड केली, की अमेरिकेत घर, नोकरी आणि कर्ज या तीन प्रकारच्या जाहिरातींना वय, लिंग आणि पिनकोड निवडता येणार नाही. तिथे आता घराच्या जाहिरातीचं वर्तुळ किमान पंधरा मैलांचं असतं. एक मोहल्ला कापून काढता येत नाही. धर्माबाबत कंपनीने एक पाऊल जगभर उचललं. जानेवारी २०२२पासून धार्मिक प्रथा आणि गटांशी जोडलेले आवडीचे पर्याय निवडयादीतून काढून टाकले. म्हणजे मी काम सुरू केलं, तेव्हा धर्माच्या नावाची खिडकी बंद होती. नकाशा मात्र उघडा होता. ज्या शहरात कोण कुठे राहतं हे दंगलींनी, पेठांतून झालेल्या स्थलांतरांनी आणि नकारांनी ठरवलंय, तिथे धर्म विचारायची गरज काय? पत्ता पुरतो. अब्बा कोंढव्यात आले ते भवानी पेठेतली खोली सोडून, आपल्या माणसांत राहू म्हणून. तीच सोबत आता नकाशावर पकडायला सोपी पडते.

आपल्याकडे खासगी घरमालकाने धर्म बघून घर नाकारलं, तर त्याला अडवणारा तसा कायदा नाही. सहकारी संस्थांबाबत तर २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व समाजापुरतं ठेवण्याचा नियम ग्राह्य धरला. कायद्याने मी चुकलो नव्हतो. हे वाचून बरं वाटायला हवं होतं.

ताईने आपल्या पद्धतीने प्रयत्न केला. सरांना म्हणाली, पंधरा दिवस वर्तुळ काढून बघू, चाचणी म्हणून. पैसे वाया गेले तर परत लावू. सरांनी ऐकलं. वगळलेल्या भागांतून चौकशा आल्या. एका चौकशीमागे येणारा खर्च इतर भागांइतकाच पडला. ताईने तक्ता करून त्यांच्यापुढे ठेवला. 'पैसे वाया' ही सबब तिथे संपली. मग सर हळूच म्हणाले, "आकडे ठीक आहेत गं. क्लायंटला सोसायटीचा प्रोफाइल सांभाळायचाय." पहिल्यांदा खरं कारण उच्चारलं गेलं, तेही गोल करून. वर्तुळ परत लागलं. या वेळी ते मी ओढलं नाही. मी त्या खात्यावरून काढून घ्या म्हणालो आणि मला काढण्यात आलं. ताई त्या खात्यावर राहिली. तिच्या घराचा हप्ता तिच्या पगारावर होता, आणि मी तिला दोष देत नाही.

जानेवारीत माझं वर्ष संपलं. प्रमाणपत्र मिळालं. पुढे ठेवून घेण्याचा विषय निघाला नाही, मीही काढला नाही. आता मी घरूनच छोट्या दुकानदारांची कामं करतो: शिलाई क्लास, गॅरेज, एक दातांचा दवाखाना, घरगुती मसाले करणाऱ्या एक खाला.

या खालांनी पहिल्याच भेटीत मला अडचणीत टाकलं. म्हणाल्या, "बेटा, फक्त आपल्या लोकांना दाखव. बाकीचे कुठे घेणार आपल्याकडून?" हातात तोच नकाशा, तेच वर्तुळ, फक्त उलट्या बाजूने. मी विचारात पडलो. माझ्या मते फरक आहे. पाच किलोमीटरच्या आतच डिलिव्हरी जमते म्हणून दुकानाने पाच किलोमीटरचं वर्तुळ ओढलं, तर कुणाचं काही जात नाही. मसाल्याची जाहिरात न दिसल्याने कुणी उपाशी राहत नाही. घर, नोकरी आणि कर्ज यांचं तसं नाही. त्या तडजोडीत नेमक्या याच तीन गोष्टी का घेतल्या, हे मला भाईच्या साडेपाचच्या गाडीमुळे कळतं. पण खालांच्या बोलण्यातली भीती मला जास्त टोचली. समोरच्याने वगळण्याआधीच त्यांनी त्याला वगळून टाकलं होतं, मीही वर्तुळ ओढताना मनात तेच म्हणालो होतो. मी त्यांना म्हटलं, "खाला, आधी सगळ्यांना दाखवू. कोण घेत नाही ते नंतर बघू." त्या साशंक होत्या. कांदा-लसूण मसाल्याची पहिली ऑर्डर बिबवेवाडीतून आली, तेव्हा त्यांनी मला फोन करून पत्ता दोनदा वाचून दाखवला.

भाईला मी वर्तुळाचं सांगितलं, दिवाळीनंतर. तो ऐकून घेऊन म्हणाला, "तू नहीं करता तो कोई और करता." माझ्यावर राग नव्हता. तो असता तर सोपं गेलं असतं. त्याने शेवटी कोंढव्यातच फ्लॅट घेतला, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. अजूनही पहाटे साडेपाचलाच निघतो.

अब्बांकडे आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे, पण जुना ताजवा त्यांनी मोडीत काढला नाही. लहानपणी बघायचो, काही तोलण्याआधी ते दोन्ही पारडी रिकामी उचलून धरायचे आणि क्षणभर थांबायचे. विचारलं तर म्हणायचे, पासंग देखता हूं. पारड्यांतच फरक असेल, तर वर कितीही खरं वजन टाका, माप खोटंच. नवीन खातं हाती आलं, की मीही आता आकड्यांकडे नंतर जातो. आधी वगळलेल्यांची यादी उघडतो. शब्द, वय, भाग, एकेक करून वाचतो आणि प्रत्येकापुढे विचारतो, हे का वगळलंय आणि कुणी. बऱ्याचदा उत्तर साधंच असतं. कधीकधी मालक नुसता गप्प बसतो, आणि ते काम मी घेत नाही.